रविवारी दुपारी दार वाजलं

जुना झालोय मी, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या चार जाळ्यांपैकी एक सुतळीने बांधलेली आहे, मधल्या फुलाचा लाल रंग फिकट पडलाय आणि हीटरच्या शेजारी चार हिवाळे काढल्यामुळे माझी फळी डाव्या अंगाला किंचित उचलली आहे. हॅनोव्हरमधल्या एका फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून मी उभा असतो. मी कॅरम बोर्ड. सव्वीस इंची, शिसवी चौकटीचा. आज कुणी खेळत नाही म्हणून रडगाणं गायला मी बसलेलो नाही बरं का. माझं दुखणं वेगळं आहे. ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

जन्म माझा नागपूरचा. इंदोऱ्याजवळ रमेश मिस्त्रींचं दुकान होतं, तिथे त्यांनी मला घडवलं. मिस्त्री मोठे तापट. पॉलिश पेपर मारताना हाताखालच्या माणसाला म्हणायचे, "सोंगटी पाण्यासारखी गेली पाहिजे, बैलगाडीसारखी नाही!" मी तयार झालो तेव्हा त्यांनी स्वतः एक स्ट्रायकर मारून पाहिला आणि काही बोलले नाहीत. मिस्त्री काही बोलले नाहीत म्हणजे माल उत्तम, असं दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

मला विकत घेतलं राजानंद यांनी. रेल्वेतली नोकरी, घरी बायको अंजनाबाई आणि एकुलता एक मुलगा संघर्ष. संघर्ष दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला त्याचं मी बक्षीस. पुढची आठ वर्षं मी त्या घरात खरोखर राजासारखा राहिलो. दर आठवड्याला अंजनाबाई मला मऊ फडक्याने पुसायच्या आणि पावसाळ्यात गोधडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवायच्या. संघर्ष इंजिनियर झाला. दोन हजार तेरा साली तो पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला, कार्ल्सरूहेच्या मोठ्या तांत्रिक विद्यापीठात जायला निघाला, तेव्हा घरात माझ्यावरून भांडण झालं. राजानंद म्हणाले, "अरे, एवढं धूड विमानात कुठं नेतोस? तिथं काय खेळ नसतात?" संघर्ष म्हणाला, "बाबा, तिथं मला ओळखणारं कुणी नाही. हा असला तर कुणीतरी येईल तरी." मग अंजनाबाईंनी मला त्याच गोधडीत शिवून टाकलं. मी विमानात बसलो, म्हणजे खाली सामानात.

कार्ल्सरूहेला उतरलो आणि पहिली पंचाईत खोलीची. पोरं शेकड्यांनी येतात आणि खोल्या मोजक्या. शेवटी संघर्षला एका जुन्या घरात तीन आठवड्यांपुरती जागा मिळाली. तिकडे विद्यापीठांच्या गावांत विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना असतात, त्यांना फेरबिंडुंग म्हणतात. स्वतःचं घर, स्वतःच्या टोप्या, छातीवर आडवी तीन रंगांची पट्टी. नवा आला की त्याला फुक्स म्हणायचं, म्हणजे कोल्हा. मग एक सिनियर त्याला आपल्या पंखाखाली घेतो, आणि एकदा सभासद झाला की तो मरेपर्यंत सभासद. म्हातारे वकील आणि डॉक्टरसुद्धा वर्षातून एकदा त्या टोप्या घालून येऊन गाणी म्हणतात. पोरं चांगली होती, खोटं कशाला बोलू. संघर्षला त्यांनी सायकल दिली, बँकेत नेलं, फॉर्म भरून दिले.

तीन आठवडे संपत आले तेव्हा संघर्षने विचारलं, "मला सभासद होता येईल का?" त्यांनी एका संध्याकाळी सभा ठेवली. आपला खेळ दाखवावा म्हणून त्याने मला दिवाणखान्यात नेऊन ठेवलं होतं. सभा सुरू झाली तसं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मी आत राहिलो आणि तो बाहेर. जर्मन तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हात वर झालेले दिसतात की. 'हो' साठी तीन हात वर झाले आणि 'नाही' साठी बाकीचे सगळे. मग एकाने दार उघडून त्याला फार नम्रपणे, इंग्रजीत सांगितलं, की तू मुलगा उत्तम आहेस, पण आमचे नियम जुने आहेत. त्या रात्री संघर्ष फोनवर आईला म्हणाला, "आई, नाही म्हणायचं तर म्हणावं. पण त्याआधी आत बोलवून दोन शब्द तरी विचारायचे होते ना." अंजनाबाई पलीकडून म्हणाल्या, "जेवलास का?"

पुढे त्याला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. पाच मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या, आणि तळमजल्यावर कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून एक सामायिक खोली. सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या आवारात टेबलं मांडतात. होड्या वल्हवणारे, कोरसमध्ये गाणारे, नाटकवाले, चित्रपट दाखवणारे असे वीसेक गट असतात. संघर्ष सगळ्या टेबलांपुढून चक्कर मारून पत्रकांचा गठ्ठा घेऊन परत आला. एकाही ठिकाणी त्याच्याने नाव लिहवलं नाही. तोंड पोळलं होतं ना, आता ताकही फुंकून पीत होता.

मग एका रविवारी दुपारी त्याने मला तळमजल्यावर नेलं, टेबलावर ठेवलं, पावडर टाकली आणि एकटाच खेळायला बसला. टक, टक, टक. अर्ध्या तासात दारात एक मुलगी उभी. "अय्या, कॅरम! मी वर लिफ्टपाशी उभी होते, मला वाटलं भास होतोय." ही मैत्री. नाशिकची, चौथ्या मजल्यावर राहायची, कॉम्प्युटर शिकायची. हरली की स्ट्रायकरला शिव्या द्यायची. पुढच्या रविवारी तिने चारुदत्तला आणलं. हा पुण्याचा, डॉक्टरेट करणारा, सगळ्यांत मोठा म्हणून चारुदादा. खेळ बेताचा आणि तोंड अफाट. सोंगटी चुकली की म्हणायचा, "मुद्दाम सोडली रे, पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. महिन्याभरात आठ-दहा जण जमायला लागले. कुणी पोहे आणायचं, कुणी चहा. माझ्यावर बोटं आपटत लोक रडलेसुद्धा आहेत. कुणी नापास झालं म्हणून, कुणाचे वडील गेले म्हणून. संघर्ष पार बदलला, ताठ चालायला लागला. माझा उपयोग झाला याचा मला गर्व झाला, हे कबूल करतो.

पण हळूहळू काय झालं, ऐका. चारुदत्तने गंमत म्हणून गटाला 'मंडळ' म्हणायला सुरुवात केली. गंमत म्हणून नियम झाले. नव्याने पावडर टाकायची, चहा नव्याने करायचा, ब्रेक सिनियरने करायचा. पहिले दोन रविवार नव्याने नुसतं बघायचं. नियमांचा कागद फ्रिजवर लागला. चिनी, तुर्की पोरं अधूनमधून डोकावायची. आमच्याकडे हसणं चालू आणि तेही मराठीत, त्यामुळे ती दोन मिनिटं उभी राहून निघून जायची. 'या, बसा' कुणी म्हटलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. संघर्षचाही नव्हता.

दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात आमच्या बरोब्बर वरच्या, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मराइके नावाची मुलगी राहायला आली. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका खेड्यातली. उंच इतकी की दारातून येताना सवयीने मान झुकवायची. यंत्र-अभियांत्रिकी शिकायची. सहाशेंच्या वर्गात मुली मूठभर, आणि ही मुलखाची लाजाळू. एकदा तिने आमच्या खोलीत डोकावून पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू असतं का कधी? पण चारुदत्तने लगेच तिचं नाव ठेवलं, 'इन्स्पेक्टर'.

आणि नोव्हेंबरात हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या गृहस्थाने, दारावर नोटीस चिकटवली. 'रविवारी शांतता पाळावी. आवाजाची तक्रार आली आहे. पुन्हा आल्यास सामायिक खोली बंद करण्यात येईल आणि संबंधितांच्या खोलीचा करार वाढवताना विचार केला जाईल.' जर्मनीत रविवार म्हणजे शांततेचा दिवस. त्या दिवशी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. तक्रार कुणाची ते नोटिशीत नव्हतं. पण आमच्या मंडळाने पाच मिनिटांत निकाल दिला, की तक्रार इन्स्पेक्टरचीच. वर तीच राहते ना!

चूक इथे झाली. आपल्याकडे शेजारचं माणूस दार ढकलून सरळ आत येतं, विचारतं, "काय चाललंय?" तिकडे कुणी असं येत नाही. म्हणून आपल्या पोरांनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं, की जर्मन माणूस दार वाजवतो तो फक्त तक्रार करायला. मग माझ्याखाली अंजनाबाईंची गोधडी आली, म्हणजे आवाज कमी. दाराला आतून किल्ली फिरवली गेली. चोराच्या मनात चांदणं! जरा कुठे पाऊल वाजलं की सगळे सोंगट्यांवर तळवे दाबून श्वास रोखायचे.

आता मला जे ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं, ते सांगतो.

दर मंगळवारी सकाळी मराइके कपडे धुवायला यायची. यंत्र फिरत असायचं तेव्हा ती शेजारच्या रिकाम्या खोलीत येऊन बसायची, जिथे मी आठवडाभर भिंतीला टेकून असायचो. पहिल्या मंगळवारी नुसती पाहत राहिली. दुसऱ्या मंगळवारी तिने मला भिंतीपासून उचलून टेबलावर ठेवलं, फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यातून सोंगट्या काढल्या आणि एक सोंगटी अंगठ्याने ढकलली. ढकलली, मारली नाही. मला हसू आलं. पण पोरगी चिकाटीची होती. फोनवर व्हिडिओ लावून बोट कसं धरायचं ते शिकली. आणि खेळता खेळता आईशी फोनवर बोलायची. तोवर भिंतीला टेकून वर्षभर ऐकल्यामुळे मला जर्मन येऊ लागलं होतं.

"हो, मामा, सगळं छान आहे," असं ती म्हणायची; मामा म्हणजे तिकडे आई. एकदा मात्र तिला खोटं बोलणं जमलं नाही. म्हणाली, "नाही गं. कुणीच नाही. होडीवाल्यांची यादी भरलीय. त्या टोपीवाल्यांच्या घरी मुलींना फक्त पार्टीला बोलवतात, सभासद करत नाहीत. जेवणाच्या हॉलमध्ये मी एकटी जेवते." मग म्हणाली, "खाली रविवारी काही जण खेळतात. इतकं हसतात, की मी वर जमिनीवर बसून ऐकते. या रविवारी विचारते त्यांना. बाबा म्हणतात ना, सत्र संपेपर्यंत बघ, नाहीतर घरी ये. मग तसंच करीन, मामा. फेब्रुवारीपर्यंत कुणी भेटलं नाही तर येते परत."

ऐकलंत? फेब्रुवारीपर्यंतची मुदत होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. मी लाकूड. काय करणार होतो मी?

त्या रविवारी दुपारी दार वाजलं. दुधी काचेवर ती उंच सावली. "इन्स्पेक्टर!" चारुदत्त कुजबुजला. सगळे गप्प. सावली थोडा वेळ थांबली आणि गेली. पुढे ख्रिसमसच्या आधी पुन्हा दार वाजलं. पुन्हा सगळे गप्प. दर मंगळवारी ती माझ्यावर खेळत राहिली. नेम सुधारत होता. आईला म्हणाली, "मी दार वाजवलं की ते हसायचे थांबतात. त्यांना मी नको असेन." आणि लगेच, "बरं, एकदा शेवटचं विचारते. केक करून नेते."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिसऱ्यांदा दार वाजलं. सावलीच्या हातात काहीतरी चौकोनी होतं.

"फाइल आहे," चारुदत्त म्हणाला. "सह्या घ्यायला आलीय बाई. आता गेलो आपण."

मैत्री उठली. "उघडू या ना रे. काय खाणार आहे का ती आपल्याला? सॉरी म्हणू, संपलं."

सगळ्यांनी संघर्षकडे पाहिलं. बोर्ड त्याचा, किल्लीपाशी खुर्ची त्याची. त्याच्या कराराच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच आठवड्यात ऑफिसात गेला होता. खोली मिळेना म्हणून तीन आठवडे परक्या घरात काढलेला माणूस तो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याने मैत्रीचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "नको. जाईल ती आपोआप."

माझ्या सोंगट्यांवर चार तळवे दाबलेले होते. नाहीतर एक सोंगटी तरी जमिनीवर पाडली असती मी, आवाज केला असता. बाहेरून ती हळूच म्हणाली, "हालो?" फक्त एकदाच. आणि ती गेली.

त्या मंगळवारी ती आली, पण सोंगट्या काढल्या नाहीत. माझ्यापाशी बसून तिने केकचा एक तुकडा खाल्ला आणि यंत्र थांबल्यावर कपडे घेऊन गेली. पुढच्या रविवारी माझ्या जाळीत केकचा चुरा सापडला, तर मैत्री सगळ्यांवर ओरडली, "बोर्डावर कोण खातं रे?" कुणीच कबूल झालं नाही. होणार कसं?

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी संघर्ष एकटाच मला पुसत बसला होता. दार उघडं होतं. मराइके आत आली. सामायिक खोलीतली एक खुर्ची तिने वर नेली होती, ती परत ठेवायला आली होती. बाहेर तिची खोकी दिसत होती. संघर्ष गडबडून उभा राहिला.

"खोली सोडतेयस?" त्याने विचारलं. आणि तिने काही म्हणायच्या आतच म्हणाला, "हे बघ, आवाजाबद्दल सॉरी. आम्ही गोधडी घातली होती खाली. तुला तक्रार करावी लागली, म्हणजे..."

"तक्रार?" ती म्हणाली. "मी तक्रार केली नाही. ती शेजारच्या इमारतीतल्या आजींनी केली होती, आपल्या पाचव्या मजल्यावरच्या स्पीकरची."

"मग तू दार का वाजवत होतीस?"

तिच्या गालांवर लाली चढली. "मला विचारायचं होतं, मीपण खेळू का म्हणून."

संघर्षच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी त्याला दहावीपासून ओळखतो. त्याचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, त्या टोप्यांच्या घरात, सभा संपल्यावर दार उघडलं तेव्हा. पण तेव्हा नाही म्हणणारा दुसरा कुणी होता. त्याने विचारलं, "तुझ्या हातात ती फाइल..."

"केक होता. सफरचंदाचा."

"बस," तो एकदम म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "बस ना, आत्ता खेळू. मी सगळ्यांना बोलावतो. मैत्री घरीच आहे. पाच मिनिटांत येतील."

"बाबा बाहेर गाडी घेऊन उभे आहेत. सात तासांचा रस्ता आहे." पण ती बसली. तिने स्ट्रायकर घेतला, बोट नीट वाकवलं आणि लांबच्या कोपऱ्यातली काळी सोंगटी एका फटक्यात जाळीत घातली. कापून, अगदी अलगद. चारुदत्तला जन्मात जमली नसती.

संघर्षने विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"इथेच. मंगळवारी. कुणी नसायचं तेव्हा."

बाहेर हॉर्न वाजला. ती उठली, त्याच्याशी हात मिळवला, दारात सवयीने मान झुकवली आणि गेली.

संघर्षने सगळ्यांना सांगितलं. मैत्री एवढंच म्हणाली, "मी उठले होते रे." ते तिने पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, पण संघर्ष विसरला नाही. दुसऱ्या दिवशी तो हाउसमाइस्टरकडे गेला, तिचा पत्ता द्या म्हणाला, माफीचं पत्र लिहायचंय. हाउसमाइस्टर म्हणाले, नियम म्हणजे नियम, कुणाचा पत्ता असा देता येत नाही. फ्रिजवरचा कागद त्याने फाडला. रविवारी दार सताड उघडं ठेवू लागला. पुढे बरेच जण आले आणि खेळले, पण ज्या एका माणसासाठी ते उघडायला हवं होतं, ती समुद्रकाठच्या आपल्या खेड्यात परत गेली होती.

दोन हजार सोळात संघर्षला हॅनोव्हरला नोकरी लागली. मैत्री ड्युसेलडॉर्फला गेली, चारुदत्त पुण्याला. इथे पहिल्या महिन्यात संघर्षने मला एकदा टेबलावर ठेवलं, पावडर टाकली, स्ट्रायकर हातात घेतला आणि लांबच्या कोपऱ्याकडे पाहत बसला. मग सगळं पुसून त्याने मला कपाटामागे ठेवलं. आता तीन वर्षं झाली. अंजनाबाई फोनवर विचारतात, "बोर्ड कसा आहे रे?" तो म्हणतो, "आहे." माझा त्याच्यावर राग नाही. माणूस वाईट नाही तो, घाबरला होता इतकंच. पण घाबरलेल्या माणसाने बंद ठेवलेलं दारही बंदच असतं की हो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा. मला नका जपू. चौकट मोडली तर मिस्त्री सांधतील, जाळी तुटली तर सुतळी आहे. मला जे कळत होतं ते मला सांगता आलं नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला तोंड आहे, हात आहेत, पाय आहेत. तुमचा खेळ रंगात आला असेल, हसणं चाललं असेल आणि दार वाजलं, तर सोंगट्यांवर तळवे दाबू नका. उठा. तक्रार असली तर असू द्या, माफी मागून मोकळे व्हा.

संघर्षच्या खुर्चीपासून त्या दारापर्यंत फार अंतर नव्हतं. मी रोज पाहत होतो ना. चार पावलं होती. चारच.